पावसाळ्याआधी एमजीबीचा हीटर तपासताना

कोकणात हीटर कशाला, असं म्हणून बरेच मेस्त्री जुन्या एमजीबीच्या, म्हणजे त्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स कारच्या, हीटरला इंजिनचं गरम पाणी नेणारे-आणणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर बाद करून टाकतात. तसं करू देऊ नका. जूननंतर या गाडीत हीटर लागतो तो काचेसाठी. पावसाने काच गार पडते, ओल्या कपड्यांची वाफ आतून तिच्यावर धरते आणि एसी नसल्यामुळे ती घालवायला गरम हवेशिवाय दुसरं साधन नसतं. भोस्ते किंवा परशुराम घाटाच्या वळणावर फडक्याने काच पुसत गाडी चालवणं धोक्याचं आहे. म्हणून ही तपासणी मे महिन्यातच उरकून घ्या, आणि ती इंजिन थंड असताना सुरू करा.

आधी काचेपुढची जाळी साफ करा. गाडी आंब्याखाली उभी राहत असेल तर तिथे पाचोळा साचलेला असतोच. मग जाळीतून तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते निचऱ्याच्या रबरी नळीतून गाडीखाली पडायला हवं. पडलं नाही तर नळीचं तोंड तुंबलंय. ते मोकळं करा, नाहीतर पावसाचं पाणी पायाखालच्या गालिच्यात मुरेल आणि तळाचा पत्रा आतून सडत जाईल.

जास्त वेळ द्या तो इंजिनच्या हेडवरच्या गरम पाण्याच्या व्हॉल्व्हला. डॅशबोर्डवरचं तापमानाचं बटण एका तारेने हा व्हॉल्व्ह उघडतं-मिटतं. एकाने बटण फिरवावं, दुसऱ्याने बॉनेटखाली बघावं. बहुतेक वेळा तारेचं बाहेरचं कवच क्लिपमधून सरकत असतं, त्यामुळे बटण पूर्ण फिरतं आणि व्हॉल्व्ह अर्धाच हलतो. बटण ‘बंद’च्या टोकापासून किंचित अलीकडे ठेवा, व्हॉल्व्हचा दांडा हाताने पूर्ण मिटवा आणि मगच स्क्रू आवळा, म्हणजे बटण टोकाला पोचण्याआधी व्हॉल्व्ह नक्की मिटतो. खाऱ्या हवेने तार गंजून अडकली असेल तर जोर लावू नका, ती मुरडते. बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावा, आणि मुरडलेली असेल तर बदलाच.

आता इंजिन गरम करा. व्हॉल्व्ह बंद असताना हीटरच्या तोंडाशी पाइप तापत असेल तर व्हॉल्व्ह आतून गळतोय. उन्हाळ्यात पाय भाजतात त्याचं कारण अनेकदा हेच. उघडल्यावर जाणारा आणि येणारा असे दोन्ही पाइप गरम लागले पाहिजेत. एकच लागला तर आत हवा अडकली आहे किंवा गाळ बसला आहे. गाळ असेल तर उलट्या दिशेने, नळाच्या हलक्या धारेनेच धुवा; जुना हीटर प्रेशरने फुटतो. परत भरताना विहिरीचं पाणी वापरू नका. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घ्या. इथे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट हवं ते गंज थांबवायला.

डॅशबोर्डखाली काचेकडे जाणारे हवेचे पाइप निसटलेले नाहीत ना, ते हात घालून बघा. पायाकडच्या झडपा घट्ट मिटत नसतील तर त्यांचा कुजलेला फोम बदला, कारण तिथून सुटलेली हवा काचेपर्यंत पोचत नाही. हुड (कापडी छप्पर) लावलेलं असताना दाराची तिकोनी काच बोटभर उघडी ठेवा; आतली हवा बाहेर पडली तरच नवी आत येते.

पंखा लागतो तो मुख्यतः गाडी हळू चालताना. फिरत नसेल तर फ्यूजची टोकं आणि अर्थचा जोड घासून साफ करा. फ्यूज बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवा: ल्युकास या ब्रिटिश कंपनीचा जुना ३५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ३५ वर वितळणारा, सतत पेलणारा १७ चाच. आजच्या पद्धतीचा ३५ चा बसवलात तर फ्यूजआधी वायर जळू शकते. बॅटरी भरायला डायनॅमो असलेल्या, म्हणजे १९६७ पर्यंतच्या गाड्यांत, इंजिन हळू फिरताना वीज कमी बनते; त्यामुळे दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालू ठेवून रांगेत उभं राहिल्यास बॅटरी उतरते. तिथे रेस थोडी वाढवून ठेवा.