परसातले मोठे झाड मित्रमंडळींच्या मदतीने सुरक्षितपणे कसे उतरवावे

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराच्या मागील दारी रायवळ आंब्याचे एक जुने झाड होते. त्याच्या दोन मोठ्या खांद्यांपैकी घराकडे कललेली खांदी भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागून वठली. बुंध्याशी रोज सकाळी भुशाची लहानशी रास दिसायची आणि सालीतून तांबूस डिंक पाझरायचा. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकले की एका बाजूला घट्ट, तर दुसऱ्या बाजूला पोकळ आवाज येई. झाड वाचवण्याचे प्रयत्न थकल्यावर ते काढायचे ठरले. माझ्याबरोबर सह्याद्रीत भटकणारे सहा मित्र मदतीला आले आणि झाडावर चढून फांद्या उतरवण्याचा अनेक वर्षांचा अनुभव असलेले एक कारागीर काका आम्ही मजुरीने बोलावले. त्या कामात जे शिकलो आणि त्याआधी जे विचारून घेतले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हौशी मंडळींचे काम जमिनीवरचे आहे. दोर धरणे, जागा मोकळी ठेवणे, फांद्या ओढून नेणे, तुकडे करून रचणे आणि लक्ष ठेवणे एवढे त्यांनी चोख केले, तर काम निर्धास्तपणे पार पडते. वर चढून कापणे हे ज्याचे रोजचे काम आहे त्यानेच करावे. उत्साहाच्या भरात ही रेघ ओलांडली जाते आणि अपघात होतो.

पहिली पायरी : परवानगी

आपल्या जागेतले झाड आपले असले, तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि तेथे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ग्रामीण भागात वृक्षतोड नियमनाचा १९६४ चा कायदा लागू असून त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह अशी झाडे येतात. त्यांच्यासाठी वन विभागाकडे अर्ज करावा लागतो. झाड वठलेले आहे म्हणून परवानगी लागत नाही, असे समजू नये. नागरी कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे, त्यामुळे शहरातील जुन्या झाडाबाबत विशेष काळजी घ्यावी.

अर्जासोबत जागेचा उतारा, झाडाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि बुंध्याचा घेर द्यावा. पाहणीला माणूस येतो तेव्हा स्वतः हजर राहावे आणि पोखरलेला भाग हाताने दाखवावा. शेजाऱ्यांनाही आधी सांगावे, कारण त्यांच्या कुंपणापलीकडे एक डहाळी पडली तरी वाद होतो.

दुसरी पायरी : झाड वाचणे

काम करण्याच्या आठ-दहा दिवस आधी झाडाभोवती सावकाश फिरावे. झाड कोणत्या बाजूला कलले आहे, शेंड्याचा भार कुठे आहे, कोणत्या फांद्या सुकल्या आहेत आणि कुठे अर्धवट मोडून लटकल्या आहेत, हे टिपून ठेवावे. बुंध्याशी भूछत्रे किंवा वाळवीची माती दिसली, मुळांजवळची जमीन भेगाळलेली किंवा उचललेली आढळली, तर झाड आतून कुजलेले असण्याची शक्यता मोठी असते. पूर्ण वठलेल्या किंवा पोकळ झाडावर कोणीही चढू नये. अशा वेळी क्रेन किंवा हायड्रॉलिक शिडी आणावी, खर्च जास्त झाला तरी. आमच्या आंब्याची एक खांदी सजीव आणि भक्कम होती, म्हणूनच काकांनी तिला आपला दोर बांधून चढायला होकार दिला.

आग्या मोहोळ, पक्ष्यांची घरटी, ढोलीतले पाहुणे आणि पाने शिवून घरे करणाऱ्या लाल मुंग्या यांचीही पाहणी करावी. घरट्यात पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावे. मोहोळ असेल तर जाणकाराकडून ते हलवल्याशिवाय करवत सुरू करू नये, कारण उंचावर दोराने बांधलेल्या माणसाला माशांपासून पळता येत नाही.

विजेची तार जवळून जात असेल, तर त्यावर तडजोड नाही. महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन ठरलेल्या वेळेसाठी पुरवठा बंद करून घ्यावा आणि तो खरोखर बंद झाल्याची खात्री कर्मचाऱ्याकडूनच करून घ्यावी. ओली फांदी आणि ओला दोर दोन्ही वीज वाहून नेतात.

झाडाची उंची मोजण्याची सोपी रीत अशी आहे. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी हात सरळ पुढे ताणून उभी धरावी आणि मागे सरकत जावे. काठीचे खालचे टोक बुंध्याशी आणि वरचे टोक शेंड्याशी जुळेल, तेथून बुंध्यापर्यंतचे अंतर म्हणजे साधारण झाडाची उंची. जमीन उताराची असेल तर हा अंदाज चुकतो, हे लक्षात ठेवावे. आमचे झाड सुमारे पन्नास फूट भरले. बुंधा पाडताना उभ्या भागाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत कोणीही असू नये, हा हिशेब धरून चालावे.

तिसरी पायरी : माणसे, दोर आणि हत्यारे

कामाचा दिवस कोरडा आणि वाऱ्याविना निवडावा. कोकणात पावसाळ्यात ओल्या सालीवर पाय ठरत नाही आणि मातीची पकडही सैल होते. वैशाखात दुपारनंतर वळवाचा वारा अचानक सुटतो. आम्ही फेब्रुवारीतली सकाळ निवडली आणि दुपारी काम थांबवले. दमलेल्या हातांनी उरलेले काम उरकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा जमणे बरे.

प्रत्येकाला एकच काम द्यावे. आमच्यापैकी दोघे दोरावर होते, दोघे फांद्या ओढायला, एक जण वाटेवर उभा राहून मुलांना आणि गुरांना अडवायला, आणि एक जण फक्त वर पाहत उभा होता. या शेवटच्या माणसाकडे दुसरे काहीही नसावे. सूचना एकाच माणसाने द्यायच्या, पण “थांब” हा शब्द कोणीही उच्चारू शकतो आणि तो ऐकताच सर्वांनी थांबायचे, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. काकांनी आम्हाला अंगणात बसवून तीनच शब्द पाठ करायला लावले होते : “सावध”, “सोड” आणि “थांब”. करवतीच्या आवाजात हाका ऐकू जात नाहीत, म्हणून हाताच्या खुणाही ठरवाव्यात.

दोरांबाबत गिर्यारोहणाची सवय असलेल्यांनी विशेष सावध राहावे. चढाईचा लवचीक दोर पडणाऱ्या माणसाचा धक्का शोषून घेण्यासाठी केलेला असतो. जड फांदी उतरवताना तो रबरासारखा ताणला जातो आणि फांदी जिथे यायला नको तिथे येते. ओझ्यासाठी कमी ताणणारा, जाड, न झिजलेला दोर वेगळा घ्यावा, आणि लाकडाला एकदा वापरलेल्या दोरावर पुन्हा कधीही माणूस लटकू नये. त्यातली इजा वरून दिसत नाही.

हेल्मेट प्रत्येकाला हवे, नुसते वरच्या माणसाला नव्हे. गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड तळव्याचे बूट आणि करवत चालवणाऱ्यासाठी कानाचे व पायाचे संरक्षक आवरण हे किमान साहित्य आहे. आंब्याचा चीक कातडीला लागला की अनेकांना फोड येतात, म्हणून उघड्या हाताने ओल्या फांद्या धरू नयेत. प्रथमोपचाराची पेटी, रक्तस्राव दाबून धरण्यासाठी स्वच्छ जाड कापड आणि गाडीच्या किल्ल्या एका ठिकाणी ठेवाव्यात. १०८ वर रुग्णवाहिका बोलावता येते, पण आडगावी ती पोहोचेपर्यंत काय करायचे हेही आधी ठरवावे.

यांत्रिक करवत एकाच प्रशिक्षित हातात असावी. ती जमिनीवर ठेवून, साखळीचा ब्रेक लावून सुरू करावी, दोन्ही हातांनी घट्ट धरावी, खांद्याच्या वर नेऊ नये आणि शिडीवर उभे राहून तर कधीच वापरू नये. साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते.

चौथी पायरी : फांद्या उतरवणे

घरांच्या दाटीत मोठे झाड एका घावात पाडता येत नाही. ते वरून खाली, तुकड्या-तुकड्यांनी उतरवावे लागते. या कामाला सर्वाधिक वेळ द्यावा.

लाकडाच्या वजनाचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओला ओंडका सुमारे दोनशे किलो भरतो. तो दोन माणसांनी दोर धरून पेलण्याची कल्पना सोडून द्यावी. फांदीला बांधलेला दोर वरच्या भक्कम बेळक्यातून (दोन फांद्यांच्या बेचक्यातून) किंवा कप्पीतून खाली आणावा आणि बुंध्याभोवती दोन-तीन वेढे देऊन त्याचे टोक धरावे. वेढ्यांच्या घर्षणाने भार बुंधा घेतो आणि माणूस फक्त दोर हळूहळू सोडतो. दोर हाताला गुंडाळू नये, वेटोळ्यात पाय ठेवू नये आणि लटकत्या फांदीच्या खाली कोणीही जाऊ नये. दोर जिथून वळतो तिथे फांदीच्या वजनाच्या दुपटीपर्यंत ताण येतो, आणि फांदी झटक्याने पडली तर त्याहूनही पुष्कळ जास्त. म्हणून सुक्या खांदीवरून काहीही टांगू नये. आमची वठलेली खांदी काकांनी हात-दीड हात लांबीचे लहान तुकडे करून, मोकळ्या केलेल्या जागेत एकेक करून टाकली. वेळ लागला, पण कौले शाबूत राहिली.

जड फांदी कापताना आधी खालून एक काप द्यावा, जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका आणि बुंध्यापासून फूटभर अंतरावर. मग त्याच्या किंचित बाहेर वरून कापावे. खालचा काप नसेल तर फांदी मोडताना सालीची लांब पट्टी ओढत येते आणि वर बांधलेल्या माणसाला ओरबाडते.

दोरावर उभा असताना एकदा मी सवयीने पुढे सरकलो. वर पाहणाऱ्या मित्राने “थांब” म्हटले आणि मी थबकलो. मनगटाएवढा एक सुका दांडका माझ्यासमोर चार पावलांवर येऊन जमिनीत रुतला. तो कापलेला नव्हता, नुसत्या हादऱ्याने सुटला होता.

पाचवी पायरी : बुंधा पाडणे

फांद्या उतरल्यावर आमच्याकडे सुमारे पंधरा फुटांचा बुंधा उरला. त्याची जाडी दीड फुटापेक्षा थोडी अधिक, म्हणजे पन्नास सेंटिमीटर होती. पडण्याच्या दिशेला पुरेशी मोकळी जागा असेल आणि लाकूड आतून घट्ट असेल तरच तो अखंड पाडावा. नाहीतर त्याचेही तुकडेच करावेत. दिशा ठरल्यावर पडण्याच्या विरुद्ध बाजूला, तिरकस मागे जाणाऱ्या दोन वाटा झुडपे आणि दगड काढून स्वच्छ कराव्यात. कापणाऱ्याने त्याच वाटेने दूर व्हायचे असते. बुंध्याच्या अगदी पाठीमागे उभे राहू नये, कारण खोड उसळून मागे येऊ शकते.

पडण्याच्या दिशेला आधी पाचरीच्या आकाराची खाच घ्यावी. तिची खोली जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे आमच्या बाबतीत सुमारे बारा सेंटिमीटर होती. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या कोपऱ्यापेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर वर, आडवा काप द्यावा. हा काप खाचेपर्यंत कधीही पोहोचू देऊ नये. दोहोंमध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, येथे पाच सेंटिमीटर रुंद, लाकडाची पट्टी शिल्लक ठेवावी. हीच बिजागरी. दार जसे बिजागरीवर फिरते तसे खोड तिच्यावर वळून ठरल्या दिशेला जाते. ती कापली गेली तर झाडावर कोणाचाच ताबा राहत नाही. मागच्या कापात जागा होताच प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पाचर ठोकावी, म्हणजे खोड मागे बसून करवत अडकत नाही. लोखंडी पाचर वापरू नये, साखळी तिला लागली तर तुटते.

आधी बुंध्याच्या वरच्या भागात बांधलेला ओढीचा दोर दूरच्या भक्कम झाडाला लावलेल्या कप्पीतून वळवून घ्यावा. त्यामुळे ओढणारी माणसे पडण्याच्या रेषेत राहत नाहीत. घराच्या खांबाला किंवा कुंपणाच्या भिंतीला कप्पी बांधू नये. दोर ताठ ठेवावा, हिसके देऊ नयेत. फार कललेले खोड मागून कापताना उभे चिरत जाऊन जोराने मागे फेकले जाते, म्हणून तशा झाडाला हौशी माणसाने हातच लावू नये.

काकांनी घणाने पाचरीवर चौथा घाव घातला तेव्हा लाकडाचा पहिला बारीक कडकडाट ऐकू आला. त्यांनी करवत बंद केली, खाली ठेवली आणि वाटेने मागे गेले. आम्ही दोर ओढला आणि बुंधा आखलेल्या रेषेवर आडवा झाला.

सहावी पायरी : आवराआवर

खोड पडल्यावर लगेच सर्वांनी धाव घेऊ नये. शेजारच्या झाडांत अडकलेल्या फांद्या आधी पाहाव्यात. उतारावर काम असेल तर ओंडक्यांना दगडांचा टेकू द्यावा आणि नेहमी वरच्या बाजूला उभे राहून कापावे. वाकून ताणलेली फांदी धनुष्यासारखी असते. आधी दाबलेल्या बाजूने थोडा काप देऊन मग ताणलेली बाजू सोडवावी.

आंब्याचे लाकूड उघड्यावर लवकर किडते, त्यामुळे फळ्या करायच्या असतील तर विलंब करू नये. ओंडके गिरणीपर्यंत नेण्यासाठी वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो का, हे गाडी भरण्यापूर्वीच विचारावे. भिरूड लागलेला भाग साठवून न ठेवता जाळून टाकावा, नाहीतर आतल्या अळ्यांचे भुंगे होऊन बागेतल्या दुसऱ्या कलमांवर जातात.

बुंध्याचे खोडके वीतभर उंचीचे ठेवून आम्ही तसेच राहू दिले. ते लवकर कुजावे म्हणून मीठ किंवा जळके तेल ओतण्याचा सल्ला काही जण देतात, पण त्याने आसपासची माती वर्षानुवर्षे नापीक होते. माती आणि पालापाचोळ्याने झाकून ओलसर ठेवले की चार-पाच पावसाळ्यांत ते मऊ पडते. या काळात मुळे कुजून जमीन खचत राहते, म्हणून त्या जागी पाण्याची टाकी, शेड किंवा सिमेंटचा कोबा करू नये आणि दर पावसाळ्यानंतर पडलेला खड्डा मातीने भरून घ्यावा.