नोकरी करताना भाडं आणि कौन्सिल टॅक्सची मदत: ब्रिटनमध्ये अर्ज करताना या चुका टाळा

नोकरी लागली म्हणजे बेनिफिट्स (सरकारी मदत) बंद, असं ब्रिटनमध्ये आलेल्या अनेकांना वाटतं. तसा नियम नाही. पगार कमी आणि भाडं जास्त असेल, तर पूर्ण वेळ काम करणाऱ्यालाही भाड्यासाठी युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांना केंद्र सरकारकडून दरमहा मिळणारी मदत) आणि कौन्सिल टॅक्समध्ये (कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, घरावर घेते तो कर) कपात, दोन्ही मिळू शकतं. पण ही दोन वेगळी खाती आहेत, त्यांचे नियम वेगळे आहेत, आणि भारतातून आलेल्या माणसाला या दोन्हींच्या आधी तिसरी गोष्ट तपासावी लागते: व्हिसा. खालचे नियम मुख्यतः इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कौन्सिल टॅक्स कपातीची योजना वेगळी आहे, आणि उत्तर आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सच नाही, तिथे रेट्स (घरांवरचा वेगळा स्थानिक कर) असतात.

व्हिसा न बघता अर्ज करणं

स्किल्ड वर्कर, स्टुडंट आणि त्यांचे डिपेंडंट यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीला हात न लावण्याची अट असते. या निधीच्या यादीत युनिव्हर्सल क्रेडिट आहे, हाउसिंग बेनिफिट (भाड्याची जुनी मदत) आहे आणि उत्पन्नावर आधारलेली कौन्सिल टॅक्स कपातही आहे. अट असताना पैसे घेतले तर ते परत करावे लागतात ते वेगळंच, पुढच्या व्हिसाच्या वेळी तोच मुद्दा आडवा येतो. वेबसाइटवरचा कॅल्क्युलेटर ‘तुम्हाला इतके मिळतील’ म्हणाला, म्हणून अट सुटत नाही.

याउलट चूकही तितकीच होते: या अटीला घाबरून लोक हक्काची सूटही सोडतात. घरात एकच प्रौढ राहत असेल तर मिळणारी 25 टक्के सूट सार्वजनिक निधीत मोडत नाही. विद्यार्थ्यांची सूटही मोडत नाही. या दोन्ही कोणत्याही व्हिसावर मागता येतात. घरात सगळेच पूर्ण वेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स शून्य. एक विद्यार्थी आणि एक नोकरदार असेल, तर विद्यार्थी मोजला जात नाही आणि 25 टक्के कमी होतात.

यात एक बारकावा आहे, तो पुष्कळदा कौन्सिलच्या फोनवरच्या माणसालाही ठाऊक नसतो. विद्यार्थ्याचा जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि व्हिसाच्या अटीमुळे त्याला नोकरी करायला किंवा बेनिफिट्स घ्यायला मनाई असेल, तर तो जोडीदारही मोजला जात नाही. नियमात ‘किंवा’ आहे. म्हणजे पीएचडी करणाऱ्याची बायको नोकरी करत असली, तरी तिच्या व्हिसावर सार्वजनिक निधीची अट असेल तर त्या घराला पूर्ण सूट मागता येते. 1 जानेवारी 2024 नंतर सुरू झालेल्या साध्या एमएस्सीसाठी डिपेंडंट आणता येत नाही, त्यामुळे हा मुद्दा आता मुख्यतः संशोधन करणाऱ्यांचा. अर्जासोबत विद्यापीठाचं पत्र आणि जोडीदाराच्या व्हिसावरची अट, दोन्ही जोडा.

नवरा किंवा बायको ब्रिटिश आणि दुसरा स्पाउज व्हिसावर असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिट ब्रिटिश जोडीदाराने मागायचं. अर्जात जोडीदार लपवायचा नाही. भत्ता एकट्याच्या दराने मिळतो, पण पगार आणि बचत दोघांचीही धरली जाते. कौन्सिल टॅक्स कपातीत मात्र जोडीदारामुळे रक्कम वाढत असेल तर व्हिसाची अट मोडू शकते, म्हणून तिथे इमिग्रेशन सल्लागाराला विचारून मगच अर्ज करा.

पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोवेकरांचा प्रश्न निराळा. सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांना ब्रेक्झिटनंतर दिलेला कायम राहण्याचा हक्क) असेल तर अडचण नाही. प्री-सेटल्ड स्टेटस (त्याआधीचा मर्यादित मुदतीचा हक्क) असेल तर फक्त शेअर कोड (स्टेटस ऑनलाइन तपासण्याचा कोड) देऊन भागत नाही, ‘कामगार’ म्हणून राहण्याचा हक्कही दाखवावा लागतो. स्विंडन किंवा साउथॉलमध्ये गोदामात नियमित काम करणाऱ्याला तो असतो, पण करारपत्र आणि निदान तीन महिन्यांच्या पेस्लिप सुरुवातीलाच जोडल्या नाहीत तर अर्ज फेटाळला जाण्याची भीती असते.

एका अर्जात दोन्ही मिळेल असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 2013 पर्यंत कौन्सिल टॅक्स बेनिफिट देशभर एकसारखा होता. त्या वर्षी एप्रिलपासून तो बंद झाला आणि इंग्लंडमध्ये नोकरीच्या वयातल्या लोकांसाठी प्रत्येक कौन्सिल स्वतःची योजना करते. भाड्याची मदत केंद्र सरकारच्या युनिव्हर्सल क्रेडिटमधून येते. तिथे अर्ज केल्याने कौन्सिलकडे अर्ज होत नाही. ज्या दिवशी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज पाठवाल, त्याच दिवशी कौन्सिलच्या वेबसाइटवर ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ किंवा ‘सपोर्ट’चा फॉर्म भरा. मागील तारखेपासून कपात द्यायची की नाही, किती महिन्यांची द्यायची, हे प्रत्येक कौन्सिलचं वेगळं. शेजारच्या कौन्सिलमधल्या मित्राला काय मिळालं, यावरून स्वतःचा अंदाज बांधू नका.

हाउसिंग बेनिफिटचा नवा अर्ज आता पेन्शनच्या वयाचे लोक आणि सपोर्टेड (देखभालीची सोय असलेल्या) किंवा तात्पुरत्या निवासातले लोक यांच्यापुरताच उरला आहे. बाकीच्यांनी तो फॉर्म भरण्यात आठवडे घालवू नयेत.

निर्णय येईपर्यंत बिल भरत राहा. एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं आणि सात दिवस मिळतात. तेवढ्यात भरला नाही तर हप्त्यांची सोय जाऊन वर्षाची उरलेली रक्कम एकदम मागितली जाऊ शकते, मग कोर्टाचं समन्स आणि त्याचा खर्च. दहा हप्ते जड जात असतील तर बारा मागता येतात, मागा.

पगाराची तारीख न जुळवणं

युनिव्हर्सल क्रेडिटचा हिशेब एका ठरलेल्या महिन्याचा असतो. अर्ज केल्याच्या तारखेपासून तो महिना सुरू होतो आणि पुढे कायम राहतो. त्या महिन्यात हातात आलेला पगार मोजला जातो, कमावला कधी याला महत्त्व नाही. आकडा मालकाकडून एचएमआरसी, म्हणजे कर खात्यामार्फत थेट जातो.

2025-26 चे आकडे घेऊ. मूल असेल किंवा आजारपणामुळे कामाची क्षमता मर्यादित ठरली असेल, आणि भाड्याची मदतही मिळत असेल, तर महिन्याचे पहिले 411 पौंड मोजत नाहीत. वरच्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स कापले जातात. हातात 1,200 पौंड पगार असेल तर 789 च्या 55 टक्के, म्हणजे 433.95 पौंड कपात. मूल नसलेल्या निरोगी जोडप्याला ही सूट नाही. त्यांची कपात पूर्ण 1,200 वर, म्हणजे 660 पौंड. ‘त्यांना मिळतं, आम्हाला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. स्वतःच्या पेन्शनमध्ये भरलेली रक्कम पगारातून वजा होते. महिन्याला 100 पौंड जास्त भरले तर युनिव्हर्सल क्रेडिट 55 पौंडांनी कमी कापलं जातं. हे फार कमी लोक वापरतात.

दर चार आठवड्यांनी पगार होणाऱ्यांना वर्षात 13 पगार मिळतात आणि हिशेबाचे महिने 12. एका महिन्यात दोन पगार पडतातच आणि त्या महिन्याचं युनिव्हर्सल क्रेडिट घसरतं किंवा शून्य होतं. ही सिस्टिमची चूक नव्हे, तक्रार करून उपयोग नाही. तो महिना कॅलेंडरवर आधीच शोधून ठेवा, आणि शून्यामुळे दावा बंद झाला तर पुढच्या महिन्यात लगेच परत उघडा. शून्याचा परिणाम कौन्सिल टॅक्स कपातीवर होतो का, हेही कौन्सिलला विचारा. महिन्याचा पगार मात्र नाताळ किंवा बँकेच्या सुट्टीमुळे आधी जमा होऊन दोनदा मोजला गेला, तर जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या नोंदवहीत) लिहून एक पगार दुसऱ्या महिन्यात हलवून मागता येतो. नोव्हेंबर 2020 पासून नियमात ही सोय आहे.

पगार 28 तारखेला होत असेल तर अर्ज 27-28 च्या आसपास करू नका, नाहीतर पगार एखाद-दुसरा दिवस पुढेमागे झाला तरी एका हिशेबाच्या महिन्यात दोन पडतील. आणि जुन्या नोकरीचा शेवटचा मोठा पगार दोन दिवसांत येणार असेल, तर तो आल्यावर अर्ज केलेला बहुधा फायद्याचा.

भारतातली मालमत्ता न सांगणं

बचत 16,000 पौंडांच्या वर असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट नाही. 6,000 ते 16,000 मध्ये प्रत्येक 250 पौंडांमागे महिन्याला 4.35 पौंड कापतात. यात भारतातली एफडी, म्युच्युअल फंड, ठाण्यातला रिकामा फ्लॅट, गावच्या घरातला वाटा हे सगळं येतं. ‘ते तिकडचं आहे’ हा बचाव चालत नाही. दोन्ही देश बँक खात्यांची माहिती एकमेकांना देतात. फ्लॅटची किंमत तिथल्या बाजारभावाने धरतात, विक्रीखर्चाचे 10 टक्के आणि त्यावरचं कर्ज वजा करून.

पण त्या फ्लॅटमध्ये पेन्शनच्या वयाचे आई-वडील किंवा सासू-सासरे राहत असतील, तर तो मोजत नाहीत. हे स्वतःहून लिहा आणि ते तिथे राहतात याचा पुरावा जोडा. विचारलं नाही म्हणून कोणी आपणहून वजा करणार नाही.

भाड्याचा आकडा आणि घरातली माणसं

आठवड्याचं भाडं चारने गुणून महिन्याचं लिहू नका. 200 पौंड आठवडा म्हणजे 200 गुणिले 52 भागिले 12, म्हणजे 866.67 पौंड. 800 लिहिलं तर दर महिन्याला 66.67 पौंडांचा दावाच होत नाही. खासगी भाड्याला लोकल हाउसिंग अलाउन्सची (त्या भागासाठी ठरलेल्या भाडेदराची) कमाल मर्यादा असते, आणि 35 पेक्षा कमी वयाच्या एकट्या माणसाला सहसा शेअर्ड घरातल्या एका खोलीचाच दर मिळतो. घर घेण्याआधी पोस्टकोड टाकून हा दर बघा. सही झाल्यावर बघून काय उपयोग?

वेगवेगळ्या करारांवर खोल्या दिलेल्या घरात कौन्सिल टॅक्सची जबाबदारी सहसा लँडलॉर्डची असते. तिथे तुमच्या नावावर बिलच नाही, तर कपात कशावर मागणार? 21 वर्षांचा मुलगा कमवायला लागला, तर त्याची नोंद करा, कारण त्याच्यामुळे भाड्याची मदत कमी होऊ शकते. भारतातून आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर काही महिने आले, तर त्यांचं मुख्य घर भारतातच असतं, त्यामुळे एकट्याची 25 टक्के सूट सहसा जात नाही.

बदल दोन्हीकडे कळवा. युनिव्हर्सल क्रेडिटच्या जर्नलमध्ये लिहिलेलं कौन्सिलपर्यंत पोचतंच असं नाही. युनिव्हर्सल क्रेडिटचे जास्त आलेले पैसे चूक त्यांची असली तरी वसूल होऊ शकतात.

निर्णय चुकीचा वाटला तर

युनिव्हर्सल क्रेडिटसाठी एका महिन्यात ‘मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन’ (निर्णयाचा फेरविचार) मागा, नकार आला तर पुढच्या एका महिन्यात ट्रिब्युनल. कौन्सिल टॅक्स कपातीचा रस्ता वेगळा: आधी कौन्सिलला लेखी तक्रार, त्यांना उत्तराला दोन महिने, आणि नंतर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे जायला तुम्हाला दोन महिने. योजनेत बसत नसूनही बिल खरंच झेपत नसेल, तर 1992 च्या लोकल गव्हर्न्मेंट फायनान्स ॲक्टच्या कलम 13ए खाली कौन्सिलला स्वतःच्या अधिकारात बिल कमी करता येतं. व्हिसावर अट असेल तर हे पत्र पाठवण्याआधीही सल्लागाराला विचारा. पत्रात कलमाचा उल्लेख करा आणि तीन महिन्यांचा जमाखर्च जोडा.