शिलाई मशीन दिलं तरी गरिबी का हटत नाही? या चुका टाळा

सोलापुरातल्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, बचत गटाच्या मीटिंगला बसलं की हे ऐकायला मिळतंच, अमकीला योजनेतून शिलाई मशीन मिळालं होतं, विकून टाकलं. लोक लगेच म्हणतात, फुकटच्या वस्तूची किंमत नसते. असं नसतं ओ. गिऱ्हाईक जमायला चार-सहा महिने जातात, तोवर विड्या वळणं कमी झालेलं असतं म्हणजे मजुरी घटलेली, आणि त्यात पोरगं आजारी पडलं तर घरात विकण्यासारखं काय असतं, तर तेच मशीन.

वस्तू द्यायची पण तोवरच्या घरखर्चाचं बघायचं नाही, ही सगळ्यात मोठी चूक. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं २००२ पासून गाय-शेळीसोबत काही महिने खर्चाला रोख, ट्रेनिंग, बचत आणि नियमित घरी जाऊन विचारपूस असं सगळं एकत्र दिलं. अशाच प्रयोगांचे सहा देशांतले निकाल २०१५ ला आले, त्यात आपला पश्चिम बंगालही होता, आणि मदत थांबून वर्ष झालं तरी बहुतेक ठिकाणी घरं सावरलेलीच होती.

उलटी चूक म्हणजे नुसते पैसे. लाडकी बहीणचे १,५०० येतात आणि त्याच दिवशी मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात जातात. किराणा कापून बचत करा असं मी कुणाला सांगणार नाही, पण जमेल तिनं पोस्टात महिन्याला १०० रुपयांची आरडी तरी काढावी, मुलगी दहाच्या आत असेल तर सुकन्या खातं वर्षाला २५० वर चालू राहतं.

पैसेच आले नाहीत तर? आधी आधार सीडिंग बघा, म्हणजे आधार कुठल्या बँक खात्याला जोडलंय ते. दोन खाती असली की शेवटी ज्याला सीडिंग झालं तिथं पैसे जातात, आणि बाई जुन्याच पासबुकात एंट्री मारत बसते.

आता सरकारची चूक. घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी असली की लाडकी बहीण मिळत नाही. मग पोरानं कर्ज काढून मालवाहू छोटा हत्ती घेतला की आईचे पैसे बंद होणार, म्हणजे कमाईचं साधन घेतलं त्याचीच शिक्षा. निदान गाडीचे हप्ते फिटेपर्यंत तरी ते चालू ठेवायला पाहिजेत.

घराचंही तेच, घर मिळतं पण सोबतचा खर्च बघायचा राहतो. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगरात ३०,००० घरांचा प्रकल्प झाला, पहिली १५,००० जानेवारी २०२४ ला मिळाली, खूप मोठं काम आहे ते. पण काम शहरात असेल तर रोजचं जाण्यायेण्याचं भाडं आधी धरा, मगच घराच्या हप्त्याचा हिशोब मांडा.