बांबू, शिसव की पीव्हीसी? बासऱ्या पारखताना

तुलना करायची तर आधी सगळ्या बासऱ्या एकाच पट्टीच्या हव्यात. पांढरी पाच (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी) घेतली तर वरची तीन भोकं झाकून सा येतो, साधारण 392 हर्ट्झ. तिन्ही बासऱ्या अर्धा तास एकाच खोलीत ठेवा, मग प्रत्येक पाच मिनिटं फुंकून गरम करा.

खान्देशात हे टाळून चालतच नाही. हवा एक अंशाने तापली की बासरी सुमारे 3 सेंट चढते (100 सेंट म्हणजे अर्धा स्वर). जानेवारीच्या पहाटे जुळलेली बासरी जळगावच्या मे महिन्यातल्या 44 अंशांत चढी वाजणारच. दोष लोक पाइपाला देतात, पण 60 सेंटीमीटरची पीव्हीसी 20 अंशांनी तापून जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढते, आणि लांबी वाढली तर सूर उतरतो. सूर चढवते ती आतली हवा, मग नळी बांबूची असो की प्लास्टिकची.

ट्यूनर ॲपकडे (सूर किती सेंट चढा-उतरा आहे ते दाखवणाऱ्या) बघत फुंकू नका. आकडा दिसला की ओठ आपोआप सूर सावरतात. डोळे मिटून प्रत्येक स्वर तीनदा लावा, आकडे दुसऱ्याला टिपू द्या. शुद्ध ग शून्याच्या 14 सेंट खाली आला तर तो तानपुऱ्याशी मिळणारा ग आहे. त्याला कानस लावू नका.

एखादाच स्वर उतरलेला असेल तर त्याचं भोक मुखरंध्राच्या (फुंकायच्या भोकाच्या) बाजूने किंचित कोरा. चढलेला असेल तर त्याच कडेला मेण लावा. खालचा प बरोबर आणि वरचा प उतरलेला असेल तर बहुधा बंद टोकातलं बूच मुखरंध्रापासून लांब आहे. एकेक मिलिमीटर जवळ सरकवून पाहा.

आता आवाज. 1971 साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी तोंडाकडचा भाग सारखा ठेवून चांदी, तांबं आणि लाकडाच्या बासऱ्यांची चाचणी घेतली. न बघता ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. पीव्हीसी पातळ वाजते ती भिंत पातळ असल्याने. 2 मिलिमीटरच्या भिंतीत फुंकेला पुरेशी खोल कड मिळत नाही. त्याच पाइपाचा उभा चिरलेला तुकडा सॉल्व्हंटने मुखरंध्रावर चिकटवा, भोक आरपार नेऊन आतून साफ करा. भिंत 4 मिलिमीटरची झाली की आवाजाला अंग येतं. बोटांच्या भोकांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने मऊ करा, नाहीतर स्वरामागे फुसफुस राहते. पण फुंक आपटते ती कड गोल करू नका, मंद्र सप्तक जाईल. ठिबकची काळी नळी मऊ असते, तिची बासरी होत नाही.

बांबूची पोकळी क्वचितच एकसारखी असते, म्हणून एकाच कारागिराच्या दोन बासऱ्याही वेगळ्या लागतात. शिसव जड आणि स्थिर, पण कोरड्या उन्हाळ्यात तोही चिरतो. बांबूला एप्रिलपासून महिन्यातून एकदा आतून मोहरीच्या तेलाचा पातळ हात द्या आणि दोऱ्याचे वेढे सैल झालेत का ते बघा. पीव्हीसीला तेल नको, पण उन्हात उभ्या गाडीत ती वाकते. वाकलेली पुन्हा तापवूनच सरळ करता येते.