गॅलापागोसला छोट्या बोटीवर आठवडा: रूट ठरवण्यापासून पंगा घेण्यापर्यंत

आम्ही गॅलापागोसहून आल्यापासून ओळखीतला जो तो एकच विचारतो, बोट कुठली घेतलीस? अरे बाबा बोटीचं राहू दे, रूट कुठला घेतोयस ते आधी सांग. बोट म्हणजे शेवटी झोपायला नि जेवायला जागा. काय दिसणार आणि काय हुकणार हे सगळं रूटवर असतं आणि लोक नेमके तिथेच गंडतात, कारण वेबसाइटवर बेडचे आणि जकुझीचे फोटो हे एवढे मोठ्ठे असतात आणि नकाशा खाली कुठेतरी बारीक.

आधी भानगड समजून घ्या. ही बेटं इक्वाडोरची, किनाऱ्यापासून साधारण १००० किलोमीटर आत पॅसिफिकमध्ये, सगळी ज्वालामुखीतून वर आलेली, आणि ९७ टक्के जमीन नॅशनल पार्क. पार्कवाल्यांचा २०१२ पासून नियम आहे की एक बोट एकाच जागी १४ दिवसांच्या आत परत न्यायची नाही. त्यामुळे प्रत्येक बोटीचा पंधरवड्याचा एक फेरा ठरलेला असतो आणि त्याचेच तुकडे करून विकतात. एका आठवड्यात पश्चिमेला, पुढच्या आठवड्यात पूर्वेला असं काहीतरी. म्हणजे तुमच्या मित्राने त्याच बोटीवर जे पाहिलं ते तुम्हाला दिसेलच असं नाही, तारीख सरकली की बेटंच बदलतात.

पहिल्यांदा जाणार असाल आणि ज्वालामुखी बघायचे असतील तर डोळे झाकून पश्चिम घ्या, म्हणजे इसाबेला आणि फर्नांडिना. इसाबेला हे सहा ज्वालामुखी एकमेकांना चिकटून झालेलं बेट आहे आणि शेजारचं फर्नांडिना अजून जिवंत, २०२४ च्या मार्चमध्येच तिथला ला कुंब्रे फुटला होता. तिथे पुन्ता एस्पिनोसाला उतरलं की आधी वाटतं काळा खडक आहे, मग तो खडक शिंकतो. शेकडो समुद्री इग्वाना (घोरपडीसारखे मोठे सरडे) एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन खात पडलेले असतात आणि पोटात गेलेलं जास्तीचं मीठ नाकातून फुर्र करून उडवतात, ते सुकून डोक्यावर पांढरं होतं, अगदी भस्म लावल्यासारखं. तिथेच तो न उडणारा पाणकावळा पण, पंख अगदीच तोकडे, समुद्रातून शेवाळाची जुडी आणून बायकोपुढे ठेवतो. इसाबेलावर अर्बिना बे नावाची जागा आहे, १९५४ साली तिथला समुद्राचा तळ एकदम चारपाच मीटर वर उचलला गेला, त्यामुळे आपण झाडीतून चालता चालता वाळलेल्या पोवळ्यांवरून चालतो.

पक्षी हा जीव की प्राण असेल तर मात्र ज्या फेरीत उत्तरेचं जेनोव्हेसा आहे ती बघा, लाल पायांचे बूबी झाडांवर बसलेले तिथे मिळतात. आणि दक्षिणपूर्वेला एस्पान्योला, तिथे वेव्हड अल्बाट्रॉस, पण तो साधारण एप्रिल ते डिसेंबरच, जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर कडा रिकामा. ही लांबची बेटं सांताक्रूझच्या (तिथलं बेट, मुंबईतलं नव्हे) हॉटेलात राहून डे ट्रिपने सहसा होत नाहीत, म्हणूनच बोटीवर एवढे पैसे घालायचे, नाहीतर घालू नका, निळ्या पायांचे बूबी आणि सी लायन काय डे ट्रिपलाही दिसतात.

बुकिंग करताना एक फसवणूक म्हणावी की काय अशी गोष्ट असते. बऱ्याचदा "आठ दिवस" म्हणून जे विकतात ते चार आणि पाच दिवसांच्या दोन ट्रिपा जोडलेल्या असतात. मधल्या दिवशी अर्धे लोक उतरतात, नवीन चढतात, आणि तुम्ही विमानतळाच्या आसपास लटकून राहता. आमचं हेच झालं, एजंटने काही सांगितलं नव्हतं, अर्धा दिवस गेला आणि बोट कशी वापरायची हे भाषण दुसऱ्यांदा ऐकावं लागलं. त्यामुळे दिवसवार प्लॅन मागवून घ्या आणि मध्ये कुठे "बाल्ट्रा" (विमानतळाचं बेट) दिसतंय का ते बघा. पहिला आणि शेवटचा दिवस तसेही विमानातच जातात, म्हणजे पूर्ण दिवस हातात सहाच.

बोट १६ जणांची घ्या. तिथे जास्तीत जास्त १०० जणांच्या बोटीला परवानगी आहे पण एका गाइडमागे १६ माणसं असा हिशोब आहे, मग १६ च्या बोटीत सगळे एकदम उतरतात, नंबर लावत बसावं लागत नाही. केबिन खालच्या मजल्यावरची, मधोमध मागा. खिडकी छोटी असते, इंजिनचा आवाज येतो, पण हलतं कमी आणि बऱ्याचदा स्वस्त पण पडतं. कॅटामरान (दोन सांगाडे जोडलेली बोट) डुलते कमी, पण लाटा छोट्या नि जवळजवळ असल्या की खालून थापा बसतात त्याची सवय लागते. खर्च माणशी काही हजार डॉलर, विमानभाडं वेगळं, त्यामुळे आपल्याकडच्या पॅकेज टूरशी तुलनाच करू नका, डोकं दुखेल.

कधी जायचं? डिसेंबर ते मे ऊन, पाणी गरम, समुद्र शांत. जून ते नोव्हेंबर थंड, ढगाळ, बारीक भुरभूर पाऊस, त्याला ते गारुआ म्हणतात. त्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र जास्त खवळलेला. आपल्याला सुट्ट्या असतात मे मध्ये किंवा दिवाळीत. मी म्हणेन मे. अल्बाट्रॉस आलेले असतात, बूबींचे नाच चालू असतात, आणि समुद्र अजून माणसात असतो.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टला इक्वाडोरचा व्हिसा लागतो, आणि अमेरिकेवरून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायला पण अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून ज्यांच्याकडे तो नाही ते युरोपवरून जातात. यलो फीव्हरची लस घ्यायचीच. तिकडे जाताना कोणी विचारो न विचारो, परत येताना आपलं सरकार विचारतं, कारण इक्वाडोर यलो फीव्हरवाल्या देशांच्या यादीत आहे. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी, आणि ती फक्त ठरलेल्या सरकारमान्य सेंटरवरच मिळते, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. आईबाबांना नेत असाल आणि ते साठीच्या पुढचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, त्या वयात ही लस सरसकट देत नाहीत. लसीच्या दाखल्याचं ते पिवळं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवायचं, चेक-इन केलं तर मुंबईला हेल्थ काउंटरवर काय दाखवणार? ते सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात.

कितो किंवा ग्वायाकिलहून विमान. बोटीच्या दिवशीच भारतातून पोचायचा हिशेब अजिबात करू नका, आदल्या रात्री तरी तिथे मुक्कामाला असा, विमान लेट झालं तर बोट थांबत नाही. विमानतळावर ट्रान्झिट कार्ड काढायचं आणि बॅगा तपासून घ्यायच्या. फळं, बिया, माती लागलेले बूट काही चालत नाही. ट्रेकचे बूट घरीच ब्रशने घासून न्या, तळव्याच्या खाचेतलं गवत पण काढा. खायचं न्यायचं तर बंद पाकिटातलं न्या आणि विचारलं की सांगून टाका, लपवू नका. बेटावर उतरल्यावर पार्कची फी, २०२४ च्या ऑगस्टपासून मोठ्यांना २०० डॉलर, आधी १०० होती. कॅश न्या. चलन डॉलरच आहे, २००० सालापासून.

पॅकिंगमध्ये लोक कपडे भरभरून नेतात, काही लागत नाही. दोन-तीन पटकन वाळणारे जोड, टोपी, लांब बाह्यांचा पोहायचा टीशर्ट, आणि पट्टेवाली पावसाळी सँडल, आपल्या रस्त्यावर जूनमध्ये मिळते तीच. मी शहाणपणा करून रबरी स्लिपर नेली होती. पहिल्याच दिवशी डावी गेली. प्लग तिथे अमेरिकन, चपट्या दोन पिनांचा, त्याचा अडॅप्टर घ्या. ड्रोन घरी ठेवा, बंदी आहे. फ्लॅश पण बंद.

आता पंगा. बोटीवरून बेटावर न्यायला ज्या रबरी होड्या असतात त्यांना तिकडे पंगा म्हणतात, त्यामुळे "चलो पंगा" ही हाक आली की आमचं हसणं थांबेना, बाकीच्या लोकांना कळेना काय झालं. पंगा रोज तीन-चारदा घ्यावा लागतो. नियम एकच, खलाशाचा हात हातात घ्यायचा नाही, मनगट मनगटात धरायचं. म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची असते. आणि दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा गळ्यात नाही, पाठीवरच्या बॅगेत. ड्राय लँडिंग म्हणजे खडकावर पाऊल टाकायचं, वेट लँडिंग म्हणजे होडीच्या काठावर बसून पाय बाहेर टाकून गुडघाभर पाण्यात उतरायचं, लाट मागे गेली की. माझी स्लिपर गेली ती इथेच. घाई केली.

दिवस कसा जातो तर सहाला उठणं, नाश्ता, आठच्या आत बेटावर, मग स्नॉर्कलिंग, जेवण, वामकुक्षी (खरंच वेळ देतात), तीनला परत दुसरीकडे, सहाच्या आत बोटीवर, मग गाइड उद्याचं सांगतो, जेवण, आणि रात्री बोट चालायला लागते. बेटावर वाट सोडायची नाही आणि प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं. गंमत अशी की प्राण्यांना हा नियम कोणी सांगितलेला नाही, सी लायनचं पिल्लू येऊन माझ्या बॅगेचा वास घेत बसलं आणि मी बावळटासारखा मागे मागे सरकत होतो. एक सांगायचं राहिलं, सी लायनच्या वस्तीला वास भयंकर येतो, फोटोत ते येत नाही.

ज्यांनी सह्याद्रीत पायपीट केलीये त्यांनी सँटियागो बेटावरचा सुलिव्हान बे चुकवू नये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा लाव्हा तिथे जसाच्या तसा पडलाय, वर दोरखंडासारखे पीळ. तापलेल्या दुधावर साय धरते आणि भांडं कलतं केलं की ती एका बाजूला गोळा होऊन सुरकुत्या पडतात ना, अगदी तसंच होतं, वरची कातडी थिजली आणि खालचा रस वाहत राहिला. आपले गडकिल्ले ज्या काळ्या दगडावर उभे आहेत तो पण असाच वाहत आला होता, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, फक्त आपल्याकडे त्यावर माती आणि करवंदीची जाळी चढली. शेजारच्या बार्तोलोमेवर पावणेचारशेच्या आसपास लाकडी पायऱ्या आहेत, जेजुरी चढलेल्याला काही विशेष नाही, पण सावली शून्य.

पोहता येत नसेल तरी जा, पण मग तीन महिने आधी क्लास लावा, निदान पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची भीती जाईल एवढं तरी. लाइफ जॅकेट घालून पण स्नॉर्कलिंग करता येतं. वेटसूट घ्याच, पश्चिमेला मे मध्ये पण पाणी गार असतं, खोलातला थंड प्रवाह तिथे बेटांना आपटून वर येतो, त्यामुळेच तर विषुववृत्तावर पेंग्विन राहतात. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क इथूनच न्या. आणि मिशीवाल्यांनो, मास्क वरच्या ओठापाशी गळतो. मी तिसऱ्या दिवशी मिशी बारीक केली, बायकोने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

उलटीचं बोलू. परीक्षा घ्यायची असेल तर पावसाळा संपल्यावर नुकतीच चालू झालेली गेटवे-मांडवा लाँच पकडा, तिथे पोट ढवळलं तर इथे नक्की ढवळणार. अवोमिनसारखी गोळी (डॉक्टरला विचारून) बोट चालायला लागायच्या आधी घ्यायची, लागायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. रिकाम्या पोटी राहायचं नाही, केबिनमध्ये मोबाइलकडे बघत पडायचं नाही, वर येऊन क्षितिजाकडे बघायचं. आलेपाकाच्या वड्यांचं बंद पाकीट नेलं होतं, ते अर्ध्या बोटीने संपवलं.

जेवणाची काळजी व्हेजवाले उगाच करतात. बुकिंगच्या वेळी सांगा, मग चढल्या चढल्या स्वयंपाक्याला परत सांगा, आणि "मासे पण नाही" हे वेगळं सांगा कारण तिकडे मासा हा बऱ्याच जणांच्या हिशोबात मांसात येत नाही. भात रोज असतो, सोबत मेनेस्त्रा, म्हणजे राजमा नाहीतर मसूर शिजवून दाटसर केलेली, आपली उसळच समजा, फक्त तिखटाच्या नावाने शंख. त्याला आही नावाची मिरचीची चटणी मागायची. कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले पाताकोनेस तर मी चहाबरोबर पण खाल्ले.

टिपेसाठी दोन पाकिटं वेगळी ठेवा, एक गाइडचं, एक बाकी स्टाफचं, आणि डॉलरच्या छोट्या नोटा. ही पाकिटं शेवटच्या रात्रीच भरा कारण शेवटच्या दिवशी पहाटेच एक पंगा निघतो, आल्यावर नाश्ता, आणि लगेच बॅगा केबिनबाहेर. त्या शेवटच्या बेटावरून निघताना बूट तिथल्या तिथे झटका. दगड, शंख, वाळू काही आणायला बंदी आहे आणि मुद्दाम नाही पण असं येतं सोबत. बायकोच्या बुटाच्या खाचेत लाव्हाचा हरभऱ्याएवढा खडा अडकला होता, गाइडने हात पुढे केला, तिने तो त्याच्या तळव्यावर ठेवला, आणि तो चार पावलं मागे जाऊन वाटेवर टाकून आला.