डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजपासून जिवाणूंकरवी नॅनोकण

भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळच्या डोंगरी बुजुर्ग खाणीत मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं. ते एका जिवाणूने विरघळवायचं आणि दुसऱ्याकडून पुन्हा डायऑक्साइडच, पण नॅनो आकारात, घडवून घ्यायचं. हे नॅनोकण अर्धवाहक असतात.

खनिज १०० मेशच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक करा. फ्लास्कमध्ये फेरस सल्फेट न घातलेलं ९के माध्यम (लोह खाणाऱ्या जिवाणूंसाठीचं क्षारांचं पोषक द्रावण) ९० मिलि, पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाची पूड १ ग्रॅम आणि अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या पहिल्या जिवाणूचं कल्चर १० मिलि घ्या. सल्फ्युरिक आम्लाने सामू १.८ करा. शेकर ३० अंशांवर, मिनिटाला १५० फेरे. आठवडाभराने द्रावण तांबूस झालं की १ ग्रॅम खनिज टाका. पायराइटमधून सुटलेलं फेरस लोह मँगनीज विरघळवतं, पण त्यात आम्ल खर्ची पडतं, म्हणून सामू रोज बघा. तो २ च्या वर गेला की जॅरोसाइट हा लोहाचा पिवळा क्षार कणांवर बसतो आणि काम अडतं. बोअरचं पाणी नकोच, त्यातल्या क्लोराइडने हा जिवाणू मरगळतो. डिस्टिल्ड पाणीच वापरा.

गाळलेल्या द्रावणाचा सामू कॉस्टिक सोड्याने हळूहळू ५.५ वर आणा आणि रात्रभर हवा सोडा. लोह तपकिरी गाळ होऊन बसतं, मँगनीज वर राहतं. गाळून पेरिआयोडेट पद्धतीने, म्हणजे मँगनीजचं जांभळं परमँगनेट करून त्याचा रंग ५२५ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजून, मँगनीज किती ते काढा.

दुसऱ्या टप्प्याला स्यूडोमोनास पुटिडा या दुसऱ्या जिवाणूची एमएनबी-१ ही मँगनीजचं ऑक्सिडीकरण करणारी जात मागवा. कुठलीही पुटिडा चालेल असं धरू नका. तिला वाढवायचं माध्यम असं: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि कॅसअमिनो आम्लं (दुधातल्या केसीन प्रथिनाची अमिनो आम्लं) लिटरला अर्धा-अर्धा ग्रॅम, ग्लुकोज १ ग्रॅम, सामू स्थिर ठेवणारं हेपीस बफर, सामू ७.५. फॉस्फेट बफर घातलात तर मँगनीज त्याच्याशीच बांधलं जातं. वाढ पूर्ण झाल्यावरच पहिल्या टप्प्यातलं मँगनीजचं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घाला, लिटरला ११ मिलिग्रॅम मँगनीज होईल इतकं. ऑक्सिडीकरण वाढ थांबल्यावरच सुरू होतं, त्यामुळे घाई उपयोगाची नाही. तापमान २८ अंश ठेवा. मे महिन्यात खोली ४० च्या पुढे जाते आणि वीजही जाते, म्हणून हे काम हिवाळ्यातच घ्या.

तपकिरी रंग दिसला तरी लगेच खरं मानू नका, सामू ९ च्या वर गेल्यास हवाही तोच रंग देते. शेजारी उकळून मारलेल्या पेशींचा फ्लास्क ठेवाच. ल्युकोबर्बेलिन ब्लू या ऑक्सिडीकृत मँगनीज ओळखणाऱ्या रंगद्रव्याने निळा रंग आला, आणि मेलेल्या पेशींत आला नाही, तरच ते जिवाणूचं काम.

एका लिटरातून सगळं मिळून जेमतेम १७ मिलिग्रॅम ऑक्साइड मिळतं, तेही पेशींना चिकटलेलं. सेंट्रिफ्यूज करून पाण्याने तीनदा धुवा, ओव्हनमध्ये भाजू नका. एक्स-रे विवर्तनात २.४ आणि १.४ अँगस्ट्रॉमला बसकी, रुंद शिखरं दिसली की बर्नेसाइट या थराथरांच्या मँगनीज ऑक्साइड खनिजासारखे कण झालेत असं समजा. टोकदार शिखरं आली तर गाळणीतून निसटलेलं मूळ खनिज आत राहिलंय, पहिल्या गाळणीपासून पुन्हा बघा.