गोडी छाटणीचा सल्ला: पेस्टिंग, फवारणी आणि पोटातलं बाळ

निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी, सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या बागेत उतरतात. टोळी म्हणजे बहुतेक जोडपी, त्यांच्याबरोबर लेकरं, आणि एखादं पोटातही. पुढचे काही आठवडे हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग (काडीचे डोळे फुटावेत म्हणून ते हातानं लावणं), मग फेलफूट (नको असलेली फूट काढणं), विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) हे सगळं याच हातांनी होणार, आणि मधूनमधून डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, फिरणार. कोणतं औषध किती मिली, याचे सल्ले भरपूर मिळतात. ते हाताळणाऱ्यांच्या होणाऱ्या मुलांबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग पाहून आपण धोका जोखतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण हा रंग ज्या मापावर ठरतो ते माप असं: औषध एकदाच पोटात गेलं तर प्रयोगातले निम्मे प्राणी मरायला वजनाच्या दर किलोला किती मिलिग्रॅम लागतं? ५००० च्या वर लागलं की हिरवा. रोज थोडंथोडं अंगावर जाऊन गर्भाचं किंवा शुक्रजंतूंचं काय होतं, ते या रंगात येतच नाही. मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकांचंच घ्या. दोन्ही सौम्य समजली जातात, म्हणून भुकटी उघड्या हातानं कालवली जाते. पाऊस लांबला की मॅन्कोझेबची धुरळणीही होते. युरोपीय संघाच्या वर्गवारीत मात्र ही दोन्ही प्रजननाला घातक म्हणून नोंदलेली आहेत, आणि २०२० च्या अखेरीस तिथे मॅन्कोझेबच्या परवानगीचं नूतनीकरण नाकारलं गेलं. सायनामाईडची नोंदही तिथे जननक्षमतेला आणि गर्भाला अपाय करण्याचा संशय असलेलं रसायन अशी आहे. निर्यातीच्या मालासाठी आपण पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, तोंडपाठ ठेवतो. तो खाणाऱ्यासाठी असतो. राबणाऱ्याचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागणार.

गर्भाचे मुख्य अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. त्या वेळी दिवस गेल्याचं बाईला स्वतःलाही नक्की ठाऊक नसतं. ठाऊक झालं तरी तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे ‘कुणी गरोदर असेल तर बाजूला व्हा’ असं टोळीपुढे विचारून काही साधत नाही. रोज बुडवून कोण पुढे येईल? त्यापेक्षा मूल होण्याच्या वयातल्या कुठल्याच बाईला पेस्टिंग, औषध कालवणं आणि टाकी भरणं ही कामं देऊ नका. काड्या गोळा करणं, बांधणी ही कामं त्याच रोजावर द्या. एकरी उक्तं दिलं असेल तर अडचण मोठी, कारण गडी छाटत पुढे जातो आणि मागून घरधनीण पेस्ट लावत येते. म्हणून उक्तं ठरवतानाच मुकादमाशी बोला आणि पेस्टिंगचा दर वेगळा काढा. खर्च वाढेल. वाढू द्या.

गड्यांनी लावलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं, की आपल्यातल्या अनेकांना मूल होत नाही. तपासणीत कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू फार कमी किंवा अजिबात नव्हते. एरवी माणसं धडधाकट होती. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे ऑक्टोबरातल्या हलगर्जीचा परिणाम पौषातही दिसू शकतो. जांघेची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेते. औषधानं पँट भिजली तर सुट्टीची वाट न पाहता तिथेच बदला आणि साबणानं धुवा.

पेस्टिंगला सुती हातमोजे घालू नका. ते औषध पिऊन दिवसभर कातडीला धरून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात निदान धुतला तरी जातो. नायट्राईल रबराचे, कोपराकडे जाणारे मोजे आणा, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा द्या. आणखी एक, जे संध्याकाळी आठवत नाही: सायनामाईड हाताळल्यावर दारू चढत नाही, बाधते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. पेस्टिंगच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू पूर्ण बंद, हे मुकादमाला स्पष्ट सांगा.

झोळी बागेत बांधू देऊ नका. लहान मूल वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतं, मातीतले हात तोंडात घालतं, आणि विष निकामी करणारी त्याच्या शरीरातली यंत्रणा अजून कच्ची असते. कॅलिफोर्नियाच्याच सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांची पाहणी झाली. तिचे २०११ मध्ये आलेले निष्कर्ष असे, की गर्भारपणी ज्या आयांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश जास्त होते, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सरासरीनं कमी भरला. तेव्हा लेकरांसाठी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, ब्लोअरपासून लांब सावलीची जागा करा. फवारलेल्या बागेत लेबलावरची मुदत संपेपर्यंत कुणालाच पाठवू नका, आणि मुदत लिहिलेली नसेल तर निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. अंगावर पाजणाऱ्या बाईनं पाजणं बंद करू नये. हात, छाती धुऊन, लुगडं बदलून बाळाला जवळ घ्यावं. त्यासाठी शेडजवळ पाणी, साबण आणि आडोसा लागतो, तो बागाईतदारानं करायचा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओता आणि बाटलीला भोकं पाडा, म्हणजे ती तेलाला किंवा पाण्याला कुणी नेणार नाही.

मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ सुटणं असं काही दिसलं तर काम थांबवा, कपडे उतरवून अंग धुवा, १०८ ला फोन करा. मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. बाटली किंवा तिचं लेबल दवाखान्यात सोबत न्या, आणि बाई गरोदर असल्याची नुसती शंका असली तरी डॉक्टरांना आधी सांगा.